इंदूअक्कांचा वरणा

इंदूअक्कांनी मला ओळख झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात वाळू ठरवून टाकलं.

"तू वाळू आहेस बघ, मंदारप्पा," त्या भर लिफ्टमध्ये, दोन अनोळखी बायकांच्या देखत म्हणाल्या. "वरनं कितीही ओता, खालनं निघून जातंय. वाईट वाटून घेऊ नको. वाळूचा कुणाला त्रास नसतो."

मी पुण्याचा. आम्हाला आयुष्यात बरंच काय काय म्हटलं जातं, पण 'तुमचा कुणाला त्रास नसतो' हे पहिल्यांदाच ऐकलं होतं, त्यामुळे मला आधी कौतुकच वाटलं. घरी जाऊन बायकोला, मृणालला, सांगितलं. ती म्हणाली, "पहिलं वाक्य परत सांग." मग ती इतकी हसली की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि आम्ही त्या दिवशी भाताची पेज प्यायलो.

माणसांना मातीत बसवायची अक्कांना सवयच होती. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मूर्ती म्हणजे कोकोपीट. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा तो भुसा, जो नर्सरीवाले मातीच्या भावाने विकतात. "दिसायला भरगच्च," अक्का म्हणायच्या, "उचलून बघ, वजन नाही. आणि एकदा पाणी पिऊन बसला की सोडतच नाही." त्यांची मैसूरची मुलगी काळी माती: ओल असेतो चिकटून राहते, वाळली की भेगा पडतात, आणि भेगेत पाय अडकतो तो आईचाच. मृणाल तांबडी माती. "गुणी आहे पोर. पण पीक काय घेतलंय बघ तिनं!" हे म्हणताना त्या माझ्याकडे बघायच्या. अक्का स्वतः कुठली माती, हे विचारायची हिंमत सोसायटीत कुणाची झाली नाही.

त्या निपाणीजवळच्या एका खेड्यातल्या. शिकून बेंगळुरूला आल्या आणि इथल्या एका सरकारी कारखान्यात आयुष्यभर मालाची तपासणी करत बसल्या. म्हणजे बाहेरून आलेला प्रत्येक भाग हातात घ्यायचा, मोजायचा, आणि पास की नापास ते सांगायचं. निवृत्त झाल्या, क्वार्टर सुटलं, यजमान त्याआधीच गेले होते, हेब्बाळला आमच्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर येऊन राहिल्या. पण तपासणी काही सुटली नाही. फक्त कारखान्याच्या जागी आम्ही आलो.

आमची पहिली भेटही तपासणीतच झाली. थंडी पडली की बेंगळुरूत गाडे भरभरून अवरेकाई येते. आपल्या पावट्याचीच बहीण. मी ऑफिसातून येताना किलोभर घेतली आणि लिफ्टमध्ये शिरलो. आत एक ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, पायात कॅनव्हासचे बूट घातलेल्या आणि इरकल नेसलेल्या बाई उभ्या होत्या. त्यांनी मला नाव विचारलं नाही, मजला विचारला नाही. पिशवीत हात घातला, एक शेंग काढली, मोडली, नाकाशी नेली.

"वास कुठाय?"

मी पिशवीत नाक घालून म्हणालो, "कसला वास?"

"मराठी काय? बरं झालं. मराठीतनं ऐक. सोगडु नाही याला. दंवात भिजलेल्या शेंगेला तेल सुटतंय, बोटाला वास लागतोय, साबणानं जात नाही, त्याला इथं सोगडु म्हणतात. ही कोल्ड स्टोरेजची आहे. चल खाली."

"कशाला?"

"परत द्यायला की!"

गाडेवाल्याने अक्कांना लांबूनच पाहिलं आणि ताडपत्री ओढून माल झाकायला लागला. दोघांचं कन्नडमध्ये जे काही झालं त्यातलं मला 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, एवढंच कळलं. शेवटी गाड्याच्या तळातली वेगळी टोपली निघाली. अक्कांनी एकेक शेंग हुंगून पिशवी भरली आणि जाताजाता मला म्हणाल्या, "आता बोट हुंग." मी हुंगलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या मीटिंगमध्येही हुंगत होतो. आमचा मॅनेजर म्हणाला, "सर्दी असेल तर घरून काम कर."

बागेत त्यांनी मला ओढलं तेही असंच, न विचारता. गच्चीवर त्यांच्या कुंड्या होत्या, आणि प्रत्येक कुंडीत वेगळी माती. बेंगळुरूची तांबडी माती. गावाहून एसटीच्या टपावरून आणलेली काळी माती, ते पोतं पाहून कंडक्टरने विचारलं होतं, "बाई, आत काय आहे?" आणि अक्का म्हणाल्या होत्या, "माहेर." पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका ओतशाळेतून जुन्या सहकाऱ्याने पाठवलेली साच्याची वाळू, काळीकुट्ट, हात लावला तर इंजिन पुसल्यासारखी बोटं होणारी. नर्सरीतलं कोकोपीट. प्रत्येक कुंडीवर खडूने मातीचं नाव, आणि कारखान्याच्या भाषेत त्या मातीचा 'पुरवठादार'.

हेब्बाळच्या तळ्याचा गाळ तेवढा बाकी होता. तो आणायला त्यांनी मला नेलं. तळ्याच्या कडेला गाळ काढायचं काम चालू होतं, ढीग पडले होते. अक्का ढिगाशी उभ्या राहून चिमूट घ्यायच्या, तळव्यावर थुंकी लावून त्याची वळी करायच्या, वळी मोडते की वळते ते बघायच्या. मला वाटलं, काठावरचा वाळका गाळ कशाला, थोडा आतला ताजा घ्यावा. हुशारी दाखवायची हौस आमच्याकडे घराणेशाहीने आलेली. मी दोन पावलं आत गेलो आणि गुडघ्यापर्यंत जमिनीत उतरलो.

"अक्का!"

त्यांनी वळून पाहिलं. घाई अजिबात नाही. "कसाय गाळ?"

"अक्का, पाय निघत नाहीये!"

"म्हणजे चिकण चांगली आहे," त्या म्हणाल्या आणि बादली पुढे सरकवली. "आत आहेसच तर भरून दे की."

मी बादली भरून दिली. मग दोन कामगारांनी मला काखेत धरून उपटलं. मी आलो, बूट आले नाहीत. ऑफिसला घालायचे नवे बूट होते. रिक्षावाल्याने माझ्याकडे पाहून मीटर सोडून भाडं सांगितलं, तर अक्का त्याच्याशी भांडल्या ते मात्र पोटच्या पोरासाठी भांडावं तसं. "चिखल त्याच्या पायाला लागलाय, तुझ्या मीटरला लागलाय काय?" असा एकूण मुद्दा होता.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते मला त्या दिवशी कळलं. घरी गेल्यावर त्यांनी मला पाय धुवायला लावले, कॉफी दिली, आणि कपाटातून एक पत्र्याचा डबा काढला. आत मूठभर दाणे. लहान, तपकिरी, पोटावर पांढरी रेघ.

"आमचा वरणा," त्या म्हणाल्या. पावट्याच्याच जातीतलं गावठी कडधान्य.

त्यांच्या आईचा. शेताच्या बांधावर दरवर्षी लागायचा, दरवर्षी पुढच्या वर्षाचं बी राखलं जायचं. मग भावाने शेत विकलं. तिथे आता प्लॉट पडले आहेत, रंगवलेल्या दगडांचे चौकोन. बी गावात कुणाकडे तरी असेल म्हणून अक्का घरोघर फिरल्या. सगळे म्हणाले, आता बाजारातलं आणतो. म्हणजे तो वरणा जगात कुठे शिल्लक असेल तर या डब्यात. अक्का दरवर्षी त्यातले थोडे दाणे पावसाळ्यात लावत होत्या. दरवर्षी वेल मांडवभर होत होता, पानं तळहाताएवढी. आणि फूल एक नाही. फूल नाही म्हणजे शेंग नाही, शेंग नाही म्हणजे नवं बी नाही. डबा मात्र उतरत चालला होता, आणि बी म्हातारं होत होतं. लावलेल्यातलं निम्मंही उगवत नव्हतं.

"शेजारी बाजारातली अवरे लावून बघितली. तिला शेंगा लागतात," अक्का म्हणाल्या. "म्हणजे ऊन बरोबर, पाणी बरोबर, हात बरोबर. राहिलं काय?"

"माती," मी म्हणालो.

"वाळू असून कळलं की तुला."

घाईचं कारण वेगळंच होतं. मुलीने हट्ट धरला होता की आता एकटं राहायचं नाही, गुढीपाडव्यानंतर मैसूरला यायचं. मुलीच्या घराला बाल्कनी होती, पण तिच्यात म्हणे टॉवेलसुद्धा तिरका वाळत घालावा लागायचा. कुंड्यांना तिथे जागा नव्हती. म्हणजे हा शेवटचा हंगाम आणि डब्यातली शेवटची मूठ. त्यांनी सगळे दाणे काढले. प्रत्येक मातीत थोडे थोडे. मग एक माझ्या तळव्यावर ठेवला.

"हा तू लाव. तुझ्या मातीत."

"माझी कुठली माती?"

"कुठली बी. अडाण्याच्या हातानं काय होतंय ते पण बघायला पाहिजे. तपासणीत तसा एक नमुना घेतात."

आता खरं म्हणजे मी नर्सरीतून चांगली माती आणायला हवी होती. पण तेव्हा आमच्या बाथरूमच्या फरशा बदलण्याचं काम चालू होतं, दारात राडारोड्याची पोती पडली होती, आणि मृणाल रोज विचारत होती, "याचं काय करणार आहेस?" एका दगडात दोन पक्षी मारल्याच्या आनंदात मी जुन्या प्लॅस्टरचा चुरा, सिमेंट, फरशीचे बारीक तुकडे आणि नावाला दोन ओंजळी माती असं कुंडीत भरलं, दाणा टोचला, आणि ती कुंडी अक्कांना दिसू नये म्हणून गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे नेऊन ठेवली. तिथे एका कुंडीपुरतीच जागा होती. पाणी द्यायला मी आठवण येईल तेव्हा जायचो. म्हणजे टाकी वाहायला लागली की.

दिवाळी आली. अक्कांच्या कुंड्यांत जे वेल उगवले ते नेहमीप्रमाणे माजले होते. तांबडी माती हिरवीगार, काळी माती हिरवीगार, गाळ तर विचारूच नका. फूल नाही. अक्का रोज सकाळी पानं उलटून बघायच्या आणि दिवसभर कुणाशी बोलायच्या नाहीत. सोसायटीत लोक म्हणायला लागले, "मेडमची तब्येत बरी नाही का? दोन दिवस कुणाची तक्रार नाही."

आणि एका सकाळी टाकी वाहिली. मी व्हॉल्व्ह बंद करायला वर गेलो, मागे डोकावलो, तर माझ्या त्या रोगट, काटकुळ्या वेलावर जांभळी फुलं!

मी चपला तिथेच टाकून खाली धावलो. अक्का वर आल्या. टाकी आणि कठडा यांच्यामधल्या फटीत आडव्या होऊन शिरल्या. एकेक फूल बोटाने उलटून बघितलं. मग कुंडीत बोट घातलं.

"ही कसली माती?"

मी खरं ते सांगितलं.

मला वाटलं, आता गाळातून वाचलो ते इथे मरायला. पण अक्कांचा चेहरा उजळला. "चुना!" त्या ओरडल्या. "प्लॅस्टरचा चुना! मंदारप्पा, आमच्या शेताला लागून चुन्याची भट्टी होती रे! वाऱ्यानं सगळा चुना बांधावर येऊन पडायचा. माझ्या डोक्यात कसं आलं नाही हे?"

पुढचे काही दिवस आमच्या सोसायटीच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहावेत असे गेले. अक्का घरोघर राडारोडा मागत फिरल्या. ज्यांच्याकडे काम चालू नव्हतं त्यांना म्हणाल्या, "कधी काढणार मग?" मूर्तींना तर आनंदाने काय करावं कळेना, राडारोडा उचलणाऱ्या गाडीवाल्याशी ते वर्षभर झगडत होते. पोती गच्चीवर चढली. माझ्या बाथरूमच्या भिंतीचा चुरा कुटून, चाळून प्रत्येक कुंडीत गेला. मी लिफ्टमधून जाताना छाती पुढे काढून जायचो. ऑफिसात एकदोघांना सांगितलंही की मी सध्या मृदाशास्त्रात थोडं काम करतोय.

आणि माझी कुंडी, अर्थातच, टाकीमागच्या अडगळीत शोभेना. तिचा सत्कार व्हायला हवा होता. कल्पना माझीच. मी आणि वॉचमनने ती बांबूच्या काठीसकट उचलून गच्चीच्या मधोमध, दिव्याच्या खांबाजवळ, सगळ्यांना दिसेल अशी आणून ठेवली. मृणालने फोटो काढला. फोटोत मी कुंडीला हात लावून उभा आहे, नवरदेवाच्या मामासारखा.

त्यानंतर काही दिवसांत कळ्या गळायला लागल्या. मग उरलेली फुलंही गेली. मागून आली ती नुसती पानं, टवटवीत, तळहाताएवढी. चुना घातलेल्या बाकीच्या कुंड्यांनी तर आधीपासूनच काही दाद दिलेली नव्हती.

मी अक्कांकडे जायचं टाळू लागलो. पण एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. "वर ये. काही बोलायचं नाही. नुसतं उभं राहायचं."

मी वर गेलो. अक्का प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. सूर्य गेलेला, अंधार पडायच्या बेतात. हेब्बाळच्या उड्डाणपुलावर गाड्यांच्या रांगा लागलेल्या. आणि मग खट् झालं आणि गच्चीवरचा दिवा लागला.

या दिव्याबद्दल सांगायला हवं. साधा दिवा नव्हता तो. क्रिकेटच्या मैदानावर शोभेल असा होता, अंधार पडला की आपोआप लागायचा आणि उजाडल्यावर विझायचा. तो अक्कांनी बसवून घेतला होता. राहायला आल्या त्याच वर्षी तिन्हीसांजेला पाण्याचा कॅन नेताना त्यांचा पाय घसरला होता. त्यांनी दिव्याची मागणी केली, मूर्ती म्हणाले विजेचा खर्च होईल. मग सोसायटीच्या सभेत अक्कांनी मूर्तींना उभं केलं आणि विचारलं, "अंधारात माणूस पडला तर कोण जबाबदार? लिहून द्या." मूर्तींनी लिहून दिलं नाही, दिवा दिला. वर अक्कांनी ठरावही करून घेतला होता की सभेच्या मंजुरीशिवाय या दिव्याला कुणी हात लावायचा नाही. मूर्तींना त्या ओळखून होत्या.

"टाकीमागं बघ," अक्का म्हणाल्या.

मी पाहिलं. सगळी गच्ची लख्ख. फक्त टाकीची काळी सावली मागे पडली होती, आणि त्या सावलीत एक गोल डाग. माझ्या कुंडीचा.

"माती तीच होती," अक्का म्हणाल्या. "पाणी तेच. म्हणजे पाणी नाहीच, तुझ्या हातचं. कुंडी तिथनं हितं आणली आणि फुलं गेली. मग बदललं काय?"

मी वाळू. मी परत कुंडीतच बघितलं.

"आमच्याकडं वरणा दिवाळीनंतर फुलायचा. आई म्हणायची, रात्र मोठी झाली की फुलतंय. मला वाटायचं, बोलायची पद्धत आहे. अरे, त्याला रात्र लागती! दिवस लहान झाला, रात्र वाढली, की त्याला कळतंय, आता फुलायचं. बाजारातलं नवं बी आहे, त्याला काही पडलेलं नाही, ते दिव्यात पण फुलतंय. आणि मी काय केलं? याची रात्रच काढून टाकली. आणि दरवर्षी माती बदलत बसले."

त्या खुर्चीवरून उठल्या आणि दिव्याच्या खांबाला एक लाथ मारली. कॅनव्हासच्या बुटाने. खांबाला काही झालं नाही, अक्का चार दिवस लंगडत होत्या.

त्या चार दिवसांत आम्ही उपाय करून पाहिले. संध्याकाळी वेलांवर चादरी टाकल्या. वाऱ्याने उडून खालच्या मजल्यावर गेल्या. छत्र्या बांधल्या, मृणालची छत्री अजून सापडलेली नाही. टाकीमागे जागा एका कुंडीची. शेवटी उरला एकच मार्ग. सभा बोलवायची, आणि अक्कांनी तीत उभं राहून स्वतःचा दिवा बंद करून मागायचा. तोही मूर्तींकडे.

"मी बोलतो तुमच्या वतीने," मी म्हणालो.

"तू बोललास तर आणखी दोन दिवे बसवतील," अक्का म्हणाल्या.

सभेला कधी नव्हे इतकी गर्दी झाली. बातमी लिफ्टमधून सगळीकडे पोचली होती. मूर्ती इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. अक्का उठल्या, मागणी सांगितली. मूर्तींनी चष्मा पुसला, सावकाश, आणि म्हणाले, "मेडम, अंधारात माणूस पडला तर कोण जबाबदार? लिहून देता का?"

सगळ्या सभागृहात हशा फुटला. मीही हसलो, आणि मृणालने मला चिमटा काढला. अक्का तशाच उभ्या होत्या. त्या ठेंगण्या आहेत हे पहिल्या भेटीनंतर मला आत्ताच परत दिसलं. मग त्यांनी पर्समधून पेन काढलं. "देते की," म्हणाल्या. "कागद आणा." आणि हसणं विरायच्या आत, कन्नडमध्ये, "नंदे तप्पु." चूक माझीच.

एवढी वर्षं कारखान्यात हजारो माणसांच्या चुका काढलेल्या बाई. तेवढ्यात मूर्ती कानाला हात लावून म्हणाले, "स्वल्प जोरागि हेळि, मेडम." जरा मोठ्याने सांगा, मागे ऐकू आलं नाही.

मला वाटलं, आता कोकोपीटचा भुगा होणार. पण अक्कांनी मागे वळून, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात पुन्हा सांगितलं, "नंदे तप्पु! ऐकू आलं काय सगळ्यांना? आता दिवा घालवा. माझ्याकडं वेळ नाही."

मूर्तींचा विजय एवढा मोठा होता की पुढे काय करायचं ते त्यांना सुचेना. कागद नको म्हणाले. शिवरात्रीपर्यंत दिवा बंद, असं ठरलं. अट एकच घातली: ज्या अवरेसाठी सोसायटी अंधारात बसणार, ती पहिल्यांदा सेक्रेटरीला खायला मिळाली पाहिजे.

"सरी," अक्का म्हणाल्या.

दिवा विझला. काही दिवस काहीच झालं नाही. माझा आणि अक्कांचा जीव टांगणीला. मी रोज सकाळी वर जाऊन यायचो आणि अक्का माझ्या चेहऱ्याकडे न बघता विचारायच्या, "नाही ना?" मग एके दिवशी काळ्या मातीत एक कळी दिसली. मग गाळात. मग तांबड्यात. मग ओतशाळेच्या त्या इंजिन पुसल्यासारख्या वाळूतसुद्धा! आठवड्याभरात सगळी गच्ची जांभळी. माती कुठलीही असो, फरक फक्त इतकाच की गाळातल्या वेलाला घोस लागले आणि माझ्या बाथरूमला मोजून खाव्यात अशा दोन-चार शेंगा. अक्का प्रत्येक कुंडीपुढे थांबायच्या आणि मान हलवायच्या. "म्हणजे सगळे पुरवठादार पास," त्या म्हणाल्या. "नापास तपासनीस."

शेंगा वेलावरच वाळू दिल्या. पत्र्याचा डबा काठोकाठ भरला. त्यातलं बी निपाणीला एका चुलत बहिणीकडे गेलं, मैसूरच्या मुलीच्या सोसायटीतल्या माळ्याकडे गेलं, मूर्तींनीही कागदाच्या पुडीत बांधून घेतलं. मला मात्र दिलं नाही. "तुला देऊन मला परत गाळात जायचं नाही," असं कारण सांगितलं.

पाडव्याच्या आधीच्या रविवारी अक्कांच्या घरी मूर्ती, मृणाल आणि मी जेवायला होतो. सामान बांधून झालं होतं, खोक्यांवरच ताटं मांडली. उरलेल्या वरण्याला अक्कांनी मोड आणून, एकेक दाणा सोलून उसळ केली होती. वर ओलं खोबरं. मूर्तींचा मान पहिला. त्यांनी घास घेतला. चावला. मग ते माझ्याकडे बघायला लागले. मीही घास घेतला.

कडू. साधी कडू नाही. कारल्याने येऊन पाया पडावं अशी कडू. मृणालने पाण्याचा पेला उचलला तो खाली ठेवलाच नाही.

मूर्ती सभ्य माणूस. ते म्हणाले, "मेडम... मज्जिगे आहे का?" ताक.

अक्का आमच्या तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होत्या. मग त्यांनी स्वतः घास घेतला, डोळे मिटले, आणि खूष होऊन म्हणाल्या, "हाच तो!"

"हा असाच असतो?" मी विचारलं.

"असाच की! लहानपणी मी खायचीच नाही. आईच्या हातचा मार खाल्लाय यावरनं. ताटातनं उचलून मांजराला घालायची, मांजर पण हुंगून निघून जायचं."

"मग अक्का, एवढं सगळं..."

पण त्या ऐकायला थांबल्याच नाहीत. आमच्यापुढे ताकाचे पेले ठेवले, आमच्या अर्ध्या राहिलेल्या वाट्या उचलल्या आणि आत गेल्या. आम्ही बाहेर ताक पीत बसलो. जाताना निरोप घ्यायला मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो, आणि तिथेच थांबलो. अक्का ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, पायात ते कॅनव्हासचे बूट, आणि आमच्या तिघांच्या वाट्यांतली कडू उसळ बोटाने पुसून पुसून खात होत्या, घाईघाईने, कुणी मागून येऊन वाटी काढून घेईल अशा.